कुदळ लावण्यापूर्वी : भूमिगत प्राचीन अवशेषांचा भूभौतिकीय शोध

गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड किंवा तापी यांच्या काठाने प्रवास करताना गावाच्या एका अंगाला राखट रंगाचे टेकाड अनेकदा दृष्टीस पडते. सभोवारची जमीन काळीभोर आणि हे टेकाड मात्र पांढुरके. गावकरी त्याला ‘पांढर’ किंवा ‘पांढरी’ म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतही गावाचे काळी आणि पांढरी असे दोन भाग सांगितलेले असतात. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीची घरे उभी राहिली, पडली आणि त्यांच्या ढिगाऱ्यावर पुन्हा घरे बांधली गेली. चुलींची राख, शेणमाती, हाडे व खापरे यांचे थर साचत गेले आणि मातीचा मूळ रंग पालटला. यातील काही पांढरी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, तर काही त्याहूनही जुन्या वस्तीच्या आहेत.

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त अशाच एका गावी जाण्याचा प्रसंग आला. पांढरीचे टेकाड निम्मेअधिक कापले गेले होते आणि ट्रॅक्टरच्या खेपा चालू होत्या. पांढरीची माती शेतात घातली की पीक चांगले येते, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. शिवाय गावाला रस्त्याच्या भरावासाठीही माती हवी होती. कापलेल्या कडेत भाजलेल्या मातीचे पट्टे, राखेचे थर आणि खापरांचे तुकडे स्पष्ट दिसत होते. गावच्या शाळेतील गुरुजींनी त्यांतील काही खापरे धुऊन शाळेच्या कपाटात मांडून ठेवली होती. ती दाखवून झाल्यावर त्यांनी विचारले, “साहेब, खाली काय आहे ते न खणता कळायचं काही साधन आहे का?”

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्यामुळे त्या वेळी त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही. तथापि असे साधन आहे, आणि ते एक नसून अनेक आहेत. जमिनीच्या भौतिक गुणधर्मांचे पृष्ठभागावरूनच मोजमाप करून खालच्या अवशेषांचा अंदाज घेण्याच्या या पद्धतीस ‘भूभौतिकीय सर्वेक्षण’ म्हणतात. त्या पद्धतीचा परिचय करून देणे, हाच या लेखाचा उद्देश आहे.

उत्खननाची किंमत

न खणता शोध घेण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणासही पडणे साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, उत्खनन हे एकदाच करता येते. ग्रंथाचे पान वाचून झाल्यावर ते उलटता येते, परंतु मातीचा थर वाचण्यासाठी तो काढूनच टाकावा लागतो. नोंद राहते, थर राहत नाही. म्हणूनच जबाबदार पुरातत्त्वज्ञ कोणत्याही स्थळाचा काही भाग पुढील पिढ्यांसाठी मुद्दाम अस्पर्शित ठेवतात.

दुसरे उत्तर वेळेचे व खर्चाचे आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. प्रा. ह. धो. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नावांशी निगडित असलेल्या या कार्यामुळे महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या जीवनाचे चित्र प्रथमच सविस्तर उभे राहिले. त्यांची घरे, धान्य साठविण्याच्या कणग्या व बळदे, मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरण्याची रीत, पाण्याचा पाट, अशा अनेक गोष्टी उजेडात आल्या. परंतु एका स्थळाला जर दीड दशक लागते, तर महाराष्ट्रातील शेकडो पांढरींचे उत्खनन होणे कधीही शक्य नाही, हे उघड आहे.

तिसरे उत्तर योगायोगाचे आहे. सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल ग्रामस्थास झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ व त्यावरील पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमपेक्षा अधिक भरते. ताम्रपाषाणयुगीन भारतीय कलेचा हा अमोल ठेवा केवळ एका कुदळीच्या घावामुळे प्रकाशात आला. सुदैवाने तो नष्ट झाला नाही आणि वितळविलाही गेला नाही. परंतु देशाचा प्राचीन वारसा योगायोगावर सोपविणे इष्ट नव्हे. कोठे खणावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे खणू नये, हे आधी कळणे आवश्यक आहे.

मूळ तत्त्व

या सर्व पद्धतींमागील तत्त्व साधे आहे. माणसाने एकदा जमिनीत हस्तक्षेप केला की तिचा मूळ पोत पुन्हा पूर्ववत होत नाही. खड्डा बुजला तरी त्यातील भराव भोवतीच्या घट्ट मातीपेक्षा सैल राहतो आणि अधिक ओल धरतो. पुरलेल्या भिंतीतील दगड ओल धरत नाही. भट्टीची भाजलेली माती कच्च्या मातीहून वेगळी वागते. हे फरक डोळ्यांना दिसत नसले तरी वीज, चुंबकत्व आणि विद्युतचुंबकीय लहरी यांना ते जाणवतात. भोवतालच्या जमिनीहून वेगळे मोजमाप जेथे मिळते, त्या जागेस शास्त्रज्ञ ‘विसंगती’ म्हणतात. भूभौतिकीय सर्वेक्षण म्हणजे अशा विसंगती नोंदविणे व त्यांचा नकाशा तयार करणे होय.

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, छातीवर नळी ठेवून ऐकतो आणि मगच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतो. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने या सर्वेक्षणाचे स्थान तेच आहे.

विजेची परीक्षा

यांपैकी विद्युत्‌रोध पद्धती आपल्या ग्रामीण भागास सर्वस्वी अपरिचित नाही. विहिरीसाठी वा विंधन विहिरीसाठी जागा निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकतात, त्यांना तारा जोडतात आणि यंत्रावरील आकडे टिपून घेतात. हे दृश्य अनेक सरपंचांनी व ग्रामसेवकांनी पाहिले असेल. दोन खुंट्यांमधून जमिनीत वीजप्रवाह सोडावयाचा आणि दुसऱ्या दोन खुंट्यांमधील विद्युत्‌दाब मोजावयाचा, अशी ही रीत आहे. ओलसर माती प्रवाहास सहज वाट देते, कोरडा व अखंड दगड त्याला अडवितो. यावरून खाली पाणी धरणारा थर आहे की अभेद्य खडक आहे, याचा अंदाज बांधता येतो.

हीच रीत पुरातत्त्वास प्रथम लागू केली ती ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी. इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठच्या डॉर्चेस्टर येथे १९४६ साली त्यांनी या पद्धतीने बुजलेले प्राचीन खंदक शोधून काढले. पाण्याच्या शोधात खुंट्या दूरदूर ठोकून प्रवाह खोलवर न्यावा लागतो. प्राचीन अवशेष बहुधा पृष्ठभागापासून एक-दोन मीटरांतच असल्यामुळे येथे खुंट्यांमधील अंतर अर्धा ते एक मीटर इतकेच ठेवतात आणि मोजमापे मात्र जवळजवळ घेतात. पुरलेल्या भिंतीवर रोध वाढतो, बुजलेल्या खंदकावर तो कमी होतो. ओळीने घेतलेली ही मोजमापे कागदावर छटांच्या रूपाने मांडली की भिंतींच्या रेषा आणि खंदकांची वळणे उमटू लागतात.

या पद्धतीवर ऋतुमानाचा परिणाम फार होतो. भर पावसाळ्यात सगळीच जमीन भिजलेली असते आणि फरक पुसट होतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि खुंट्यांचा मातीशी नीट संबंध येत नाही. पावसाळा संपल्यानंतर जमीन वाफशावर येते, तो काळ आपल्याकडे या कामास अधिक अनुकूल मानावा लागेल.

भाजलेल्या मातीची साक्ष

दुसरी पद्धत चुंबकत्वाची आहे. मातीत लोहयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण असतातच. माती सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की या कणांचे जुने चुंबकत्व नाहीसे होते आणि ती थंड होताना पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने ते नव्याने स्थिर होते. कुंभाराचा आवा, विटांची भट्टी, लोखंड गाळण्याची भट्टी, एवढेच नव्हे तर वर्षानुवर्षे पेटलेली चूलदेखील अशा रीतीने एक दुर्बळ परंतु टिकाऊ चुंबक बनते. हजारो वर्षे उलटली तरी हे चुंबकत्व कायम राहते.

याशिवाय वस्तीच्या जागेतील वरची माती राख, अग्नी आणि सेंद्रिय द्रव्यांचे कुजणे यांमुळे खालच्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय झालेली असते. ती एखाद्या खड्ड्यात भरली गेली, तर तो खड्डाही चुंबकीय मोजमापात ओळखू येतो.

१९५८ साली इंग्लंडमध्ये पीटरबरोनजीक वॉटर न्यूटन येथे एका हमरस्त्याचे रुंदीकरण होणार होते. तेथे रोमनकालीन कुंभारांच्या भट्ट्या जमिनीत असाव्यात असा तर्क होता, पण एवढी जागा खणून पाहण्यास अवधी नव्हता. ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन एटकेन यांनी नव्यानेच सिद्ध केलेला प्रोटॉन मॅग्नेटोमीटर तेथे नेला आणि खरोखरच एका भट्टीची जागा हुडकून काढली. रस्ता होण्यापूर्वी अवशेष सापडले आणि रस्त्याचे कामही अडून राहिले नाही. विकासकार्य व वारसा यांचा मेळ घालण्याचे हे उदाहरण आजही मार्गदर्शक वाटते.

महाराष्ट्रात या पद्धतीस वाव नाही असे नव्हे. नागपूर परिसरात माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट, खापा इत्यादी ठिकाणी महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. त्याच परिसरातील नायकुंड येथील उत्खननात त्या काळातील लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे. भट्ट्या, चुली आणि लोखंडाचा मळ हेच मॅग्नेटोमीटरचे खरे लक्ष्य असल्यामुळे अशा स्थळी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरण्यासारखी आहे.

मुंबईची ट्राम आणि अलिबागची वेधशाळा

चुंबकीय मोजमाप किती नाजूक असते, याची एक हकिकत आपल्याच भूमीत घडली आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम सुरू करण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे ओळखून नवी वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबाग येथे उभारण्यात आली. आपल्याकडचा काळा दगड स्वतःच चुंबकीय असल्यामुळे तिच्या बांधकामासाठी तसा गुणधर्म नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला. १९०४ पासून अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. ट्राम केव्हाच बंद झाली, परंतु अलिबागच्या नोंदींची परंपरा पुढे चालू राहिली. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज तिचा सांभाळ करीत आहे.

महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता ४० हजार नॅनोटेस्लाहून काहीशी अधिक आहे. एखाद्या बुजलेल्या खड्ड्यामुळे तीत पडणारा फरक अवघा काही नॅनोटेस्लांचा असतो, चांगल्या भट्टीमुळे तो शंभराच्या पुढे जाऊ शकतो. दिवसभरात सूर्याच्या प्रभावाने या क्षेत्रात आपोआप होणारे चढउतार खड्ड्याच्या फरकाहून मोठे असतात. म्हणून एकावर एक अशी दोन मापके बसवून त्यांच्या मोजमापांतील वजाबाकी घेतात. सूर्यामुळे होणारा बदल दोहोंवर सारखाच होत असल्याने तो वजा होतो आणि जमिनीतील फरक तेवढा शिल्लक राहतो. हे उपकरण घेऊन चालणाऱ्याने खिशात किल्ल्या, कमरेला लोखंडी बकल किंवा पायांत खिळ्यांचे बूट ठेवून चालत नाही. तारेचे कुंपण, विजेचे खांब व नळयोजनेचे लोखंडी पाइप यांच्या जवळपास तर या पद्धतीचा उपयोग फारसा होत नाही.

जमिनीत शिरणारे रडार

तिसरी पद्धत रडारची. विमानांचा मागोवा घेणारे रडार सर्वांना ऐकून माहीत आहे. तेच तत्त्व येथे जमिनीकडे वळविलेले असते. एका छोट्या गाड्यावर बसविलेल्या उपकरणातून विद्युतचुंबकीय लहरी जमिनीत सोडतात. भिंत, फरसबंदी, पोकळी किंवा मातीचा निराळा थर लागला की लहरींचा काही अंश परत फिरतो. तो परतण्यास किती काळ लागला, यावरून खोली काढता येते. लहरींचा मातीतील वेग एका नॅनोसेकंदात म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात सुमारे दहा सेंटिमीटर धरला आणि प्रतिध्वनी वीस नॅनोसेकंदांनी परतला, तर जाणे व येणे मिळून दोन मीटर अंतर झाले. अर्थात वस्तू एक मीटर खोल आहे. अन्य दोन पद्धतींच्या मानाने रडारचा विशेष हा की, त्याद्वारे खोलीनुसार निरनिराळे नकाशे तयार करता येतात.

इटलीत रोमच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर फालेरी नोव्ही नावाचे रोमन नगर शेतजमिनीखाली गाडलेले आहे. केंब्रिज व गेंट विद्यापीठांच्या संशोधकांनी तटबंदीच्या आतील सुमारे ३० हेक्टर क्षेत्र रडारने पिंजून काढले आणि २०२० साली संपूर्ण नगराचा आराखडा प्रसिद्ध केला. मंदिर, बाजारपेठ, स्नानगृह, पाण्याच्या नळांचे जाळे, सारे काही एकही खड्डा न खणता कागदावर आले.

मैदानावरील काम

ही कामे प्रत्यक्षात कशी चालतात, हेही पाहू. प्रथम सर्व क्षेत्राची चौरसांत विभागणी करतात. बहुधा एक चौरस २० मीटर लांब व तितकाच रुंद धरतात. त्यात एकेक मीटर अंतराने दोऱ्या ताणतात आणि दोरीच्या कडेने चालत दर अर्ध्या मीटरवर एक मोजमाप घेतात. एका चौरसात अशी ८०० मोजमापे होतात. एका हेक्टरमध्ये २५ चौरस बसतात, म्हणजे हेक्टरी २० हजार मोजमापे झाली. पूर्वी हे आकडे हाताने लिहून घ्यावे लागत. आता उपकरण ते स्वतःच साठविते आणि संगणक त्यांचे चित्र तयार करतो. तरीही दोरी सरळ ताणणे, पावले सारखी टाकणे आणि प्रत्येक चौरसाची जागा नकाशावर अचूक नोंदविणे, ही माणसाचीच कामे आहेत. एका चुकीच्या खुंटीमुळे पुढे उत्खननाचा खड्डा भिंतीऐवजी रिकाम्या जागेत पडू शकतो.

भारतातही या पद्धतींचा अवलंब होत आहे. ओडिशात भुवनेश्वरनजीक शिशुपालगड नावाचे प्राचीन तटबंदीचे नगर आहे. तेथे १९४८ साली बी. बी. लाल यांनी उत्खनन केले होते. या चौकोनी नगराची प्रत्येक बाजू एक किलोमीटरहून अधिक लांब असून त्याला आठ वेशी आहेत. एवढा विस्तार कुदळीने उलगडणे अशक्यप्राय होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. आर. के. मोहंती आणि अमेरिकेतील डॉ. मोनिका स्मिथ यांनी या शतकात तेथे केलेल्या संशोधनात भूभौतिकीय सर्वेक्षण, पृष्ठभागावरील खापरांची नोंद आणि मर्यादित उत्खनन यांची सांगड घातली. गुजरातेत कच्छच्या रणातील धोलावीरा या हडप्पाकालीन नगरात गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या रडार सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जलसंचयासाठी प्रसिद्ध असलेल्या या नगराच्या पूर्वेकडील भागात आणखी जलाशय व बंधारे असण्याची शक्यता त्यात वर्तविली आहे.

दख्खनच्या भूमीच्या अडचणी

इंग्लंडमधील खडूच्या जमिनीवर यशस्वी झालेली रीत दख्खनच्या काळ्या जमिनीवर जशीच्या तशी लागू पडेल, असे मात्र समजू नये. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला लाव्हा होय. तो थंड होताना त्यातही चुंबकत्व मुरले आहे. त्यामुळे शेतातील प्रत्येक धोंडा मॅग्नेटोमीटरपुढे आपले स्वतंत्र अस्तित्व जाहीर करतो आणि खऱ्या भट्टीची खूण त्या गोंगाटात हरवण्याचा संभव असतो. या पाषाणाची झीज होऊन बनलेल्या मातीतही चुंबकीय कण भरपूर असतात. दुसरीकडे, काळी चिकणमाती ओल धरून ठेवते आणि रडारच्या लहरी शोषून घेते. कोरड्या वाळूत कित्येक मीटर जाणारे रडार ओल्या काळ्या जमिनीत एक मीटरभरही धड पोहोचत नाही.

यावर उपाय म्हणजे एकाच पद्धतीवर विसंबून न राहणे. जेथे मॅग्नेटोमीटर गोंधळतो तेथे विद्युत्‌रोध उपयोगी पडतो, जेथे ओल आड येते तेथे हंगाम पालटून पाहता येतो. नदीकाठच्या गाळावर वसलेल्या पांढरींमध्ये मोठे धोंडे कमी असतात, त्यामुळे उघड्या खडकावरील स्थळांपेक्षा तेथे यशाची आशा अधिक धरता येते.

विसंगती म्हणजे वस्तू नव्हे

या सर्वेक्षणाबाबत एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. यंत्र ‘येथे काहीतरी वेगळे आहे’ एवढेच सांगते. ते काय आहे, हे सांगत नाही. तुर्कस्तानातील सुप्रसिद्ध ट्रॉय येथे मानफ्रेड कॉर्फमान यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून संशोधन सुरू झाले. चुंबकीय सर्वेक्षणात बालेकिल्ल्याबाहेर एक लांब रेषा उमटली, तेव्हा ती खालच्या नगराची तटबंदी असावी असा प्रथम समज झाला. १९९३ साली तेथे खणून पाहिले असता तो खडकात खोदलेला खंदक निघाला. भिंत आणि खंदक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही सर्वेक्षण व्यर्थ गेले नाही, कारण नेमके कोठे खणावे हे त्यानेच दाखविले होते. अर्थ लावताना झालेली चूक उत्खननाने दुरुस्त केली.

गुप्तधनाच्या बाबतीत ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात दौंडिया खेडा येथे ऑक्टोबर २०१३ मध्ये झालेले उत्खनन वाचकांच्या स्मरणात असेल. एका साधूला स्वप्नात तेथे हजार टन सोने दिसल्याची वार्ता पसरली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जमिनीखाली विसंगती आढळल्याचाही हवाला देण्यात आला आणि देशभर कुतूहल निर्माण झाले. प्रत्यक्षात सोने मिळाले नाही. हाती आले ते खापरांचे व जुन्या वस्तीचे अवशेष. विसंगती धातूची आहे की मातीच्या थराची, हे केवळ आकड्यांवरून ठरविता येत नाही, हाच या प्रकरणाचा बोध होय.

आपल्याकडेही गढ्या, पडके वाडे आणि पांढरी यांत धन पुरले आहे या समजुतीने रात्री-बेरात्री खड्डे खणण्याचे प्रकार घडतात. त्यात धन तर मिळत नाहीच, पण अवशेषांचा मात्र कायमचा नाश होतो. गुप्तधनाच्या निमित्ताने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम यांनी संरक्षित स्थळांना कायद्याचे कवच दिले आहे. परंतु बहुसंख्य पांढरी कोणत्याही यादीत नाहीत. त्यांना कवच आहे ते केवळ गावाच्या समजुतदारपणाचे.

ग्रामपंचायत व शाळा काय करू शकतात?

प्रत्येक गावी उद्या मॅग्नेटोमीटर येईल, असे नाही. ही उपकरणे मोलाची आहेत आणि त्यांचे निष्कर्ष वाचणारे तज्ज्ञ मोजके आहेत. परंतु सर्वेक्षण जेव्हा येईल तेव्हा त्याला वाचण्यासारखे काही शिल्लक असले पाहिजे. हे काम मात्र आजच करता येते आणि त्याला यंत्र लागत नाही.

गावच्या हद्दीतील पांढरी, पडकी गढी, ओसाड गावठाण, शिळावर्तुळे यांची नोंद ग्रामपंचायतीने आपल्या दप्तरी करून ठेवावी. पाण्याची टाकी, शाळाखोली, रस्ता किंवा तलाव यांसाठी जागा ठरविताना ही नोंद पाहावी आणि शक्य तेथे पांढरी टाळावी. ती टाळता येत नसेल तर काम सुरू होण्यापूर्वी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. माती उपसताना भाजलेल्या मातीचा थर, राखेचा पट्टा, मोठा रांजण किंवा हाडे दिसली तर काम तेथेच थांबवून जागा झाकून ठेवावी. वस्तू उचलून नेल्यास तिचे मोल निम्म्याने कमी होते, कारण ती कोणत्या थरात होती हाच तिचा खरा इतिहास असतो.

शाळांना तर येथे उत्तम संधी आहे. गावाचा नकाशा काढून त्यावर पांढरीची जागा दाखविणे, नांगरटीनंतर शेतात वर आलेल्या खापरांची जागा टिपून घेणे, गावातील वृद्धांकडून जुन्या गावठाणाच्या आठवणी लिहून घेणे, हे उपक्रम इतिहास व भूगोल दोन्ही विषयांना जिवंत करतात. पुढे कधी तज्ज्ञ आले, तर त्यांना दोऱ्या कोठे ताणाव्यात हे सांगणारा पहिला कागद हाच असेल.

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या गुरुजींना हे सारे कळविले, तेव्हा त्यांचे उत्तर आले. टेकाडाचा उरलेला भाग ग्रामसभेत विषय मांडून राखून ठेवण्यात आला होता आणि रस्त्याच्या भरावासाठी मुरूम अन्यत्र पाहण्यात आला होता. मुलांनी टेकाडाचा नकाशा काढून शाळेच्या भिंतीवर लावला असल्याचेही त्यांनी कळविले होते. त्या टेकाडाच्या पोटात काय आहे, ते अद्याप कोणासही ठाऊक नाही. पण ते विचारण्याची सोय आता शिल्लक राहिली आहे. पत्राच्या शेवटी गुरुजींनी एवढेच लिहिले होते की, यंत्र आले तर दोरी धरावयास चौथीची मुले तयार आहेत.